पुसून लिहायच्या तबकड्या आणि जपायचा मजकूर

नगर जिल्हा, म्हणजे आजचा अहिल्यानगर, हा संस्थांचा जिल्हा आहे. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कारखाने, दूध संघ, विकास सोसायट्या आणि पतसंस्था गावोगाव पसरल्या. प्रत्येकीला दरवर्षी अहवाल छापावा लागतो. शिवाय सभासदांच्या याद्या, सभेच्या नोटिसा, रौप्यमहोत्सवी स्मरणिका असतातच. १९९० नंतर ही जुळणी डीटीपी सेंटरच्या संगणकावर होऊ लागली. छापील अहवाल सभेनंतर रद्दीत जातो. त्यामुळे एका पिढीच्या सार्वजनिक जीवनाचा बराच दस्तऐवज आज जुन्या सीडींवर पडून आहे, आणि त्या सीडींचे वय झाले आहे.

फ्लॉपीनंतरची सोय

फ्लॉपीत १.४४ एमबी मावत. फोटो घातलेली स्मरणिका त्यात बसत नसे. सीडीवर ६५० ते ७०० एमबी मावू लागले, म्हणजे एका तबकडीत जवळजवळ पाचशे फ्लॉपींचा ऐवज. पण साधी सीडी-आर एकदाच लिहिता येई. रोज बदलणाऱ्या हिशेबाच्या फाइलींना ती परवडत नसे. १९९७ मध्ये सीडी-आरडब्ल्यू बाजारात आली. ती पुसून पुन्हा लिहिता येई, साधारण हजार वेळा. संध्याकाळी दिवसाचा बॅकअप घ्यायचा आणि आठवड्याने तीच तबकडी पुन्हा वापरायची, अशी पद्धत त्यामुळे शक्य झाली.

तिचे तंत्र मोठे देखणे आहे. पॉलिकार्बोनेटच्या चकतीवर चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा अतिशय पातळ थर असतो. लेझरचा जोरदार झोत पडला की तो ठिपका वितळतो आणि झटकन गार होऊन विस्कळीत रचनेत गोठतो. तिथून प्रकाश कमी परततो. मध्यम झोताने तोच ठिपका सुमारे २०० अंशांपर्यंत तापवला, की अणू पुन्हा स्फटिकासारखे ओळीत बसतात आणि चमक परत येते. पहिल्या क्रियेने लिहिले जाते, दुसरीने पुसले जाते. वाचताना क्षीण झोत फक्त चमकेतला फरक पाहतो. हा फरक मुळात कमी असतो. छापील सीडी प्रकाशाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग परतवते, आरडब्ल्यू जेमतेम पंधरा ते पंचवीस टक्के. म्हणूनच जुन्या ड्राइव्हना ती वाचता येत नसे.

वीज आणि ऊन

त्या वर्षांत जिल्ह्यात भारनियमन होते. चौपट वेगाने पूर्ण तबकडी लिहायला वीस मिनिटे लागत. मध्येच वीज गेली आणि यूपीएसने दम सोडला, की लेखन अर्धवट राही. लिहिल्यावर पडताळणी करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये होती, पण तिला आणखी वेळ लागे. गिऱ्हाईक समोर उभे असताना ती सहज टाळली जाई. अशी न तपासलेली तबकडी म्हणजे केवळ बॅकअप घेतल्याचे समाधान.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त तापते. सीडी-आरमधला सेंद्रिय रंग उन्हाने उतरतो. आरडब्ल्यूचा थरही उष्णतेने आणि दमटपणाने हळूहळू बदलतो. वरच्या बाजूला लॅकरचा पातळ लेपच असतो. तिथे टोकदार पेनाने नाव लिहिणे हे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. बिघाड लवकर कळतही नाही. सीडीच्या प्रत्येक २,०४८ बाइट मजकुरासोबत चूक दुरुस्त करणारी जादा माहिती साठवलेली असते. तिच्या बळावर खराब होत चाललेली तबकडीही निर्दोष वाचली जाते. मर्यादा ओलांडली, की मग फाइल उघडतच नाही.

फाइल आहे, अक्षर नाही

मराठीपुढे आणखी एक अडचण आहे. तेव्हाची जुळणी श्री-लिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या प्रणालींत झाली. त्यांच्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरी वळणे बसवलेली असत. तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान आहे, पण छपाईच्या धंद्यात जुने फाँट त्यानंतरही अनेक वर्षे चालले. म्हणजे तबकडी वाचवली तरी काम अर्धेच होते.

नेवाशाची परंपरा

मजकूर कसा टिकतो याचे सर्वांत मोठे उदाहरण याच जिल्ह्यात आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि परंपरेनुसार सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पहिली प्रत आज नाही. ग्रंथ टिकला तो नकला करणाऱ्या हातांमुळे. नकलांबरोबर पाठभेदही शिरले. तेव्हा शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. एकामागून एक नकला होत राहणे, त्या वेगवेगळ्या गावी असणे आणि कुणीतरी त्या पडताळून पाहणे, या तीन गोष्टींनी सात शतकांचे अंतर पार केले. आजचे संगणकशास्त्रही हेच सांगते: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. पुसून लिहायची तबकडी रोजच्या कामासाठी होती. तिच्यावर इतिहास सोपवणे हा तिचा दोष नव्हता, आपली समजूत चुकली.

आता करण्यासारखे

दिवाळीच्या साफसफाईत सीडींचे डबे हाती येतीलच. यूएसबीने जोडायचे डीव्हीडी राइटर अजून मिळतात. प्रत्येक तबकडी पूर्ण उतरवून घ्यावी. एका ड्राइव्हने वाचली नाही तर दुसऱ्यात घालून पाहावी. तेवढ्यानेही कधी कधी काम होते. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी, सोबत तिची पीडीएफ करावी, आणि जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणून एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण रूपांतरात जोडाक्षरे हमखास बिघडतात. एक प्रत संस्थेत, एक घरी आणि एक परगावी ठेवावी. दरवर्षी हिशेब मिटवताना त्या उघडून पाहाव्यात. संस्थांनी हे काम लेखापरीक्षणाइतकेच सक्तीचे मानले पाहिजे. सभासदांच्या पैशाचा हिशेब आपण जपतो; त्यांनी मिळून काय उभे केले याची नोंदही त्यांच्याच मालकीची आहे.