जुना संगणक बदलावा का?

२०२५ च्या मे महिन्यात मी सुट्टीसाठी माझ्या थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. तालुक्याच्या गावी ताईचा अक्षरजुळणीचा छोटासा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, क्वचित एखाद्या हौशी कवीचा संग्रह, असे सारे काम ती २०१४ साली घेतलेल्या एका संगणकावर करते. मी पोचलो त्याच दिवशी भाच्याने मला कोपऱ्यात गाठले. "मामा, तू सांग ना आईला. हा डबा आता टाकून द्यायला हवा." त्याच्या वहीत एका नव्या, तळहाताएवढ्या संगणकाचे चित्र होते, आणि खाली किंमत लिहिली होती : ५९,९०० रुपये.

विद्यार्थी मित्रांनो, हा प्रश्न तुमच्याही घरात, निदान शाळेच्या संगणक-खोलीत कधीतरी आलाच असेल. जुने यंत्र रेंगाळते, नवे यंत्र झळकत असते, आणि मधे पैशांचा प्रश्न उभा असतो. अशा वेळी घरात साधारणपणे वादावादी होते. आम्ही वादाऐवजी मोजमाप करायचे ठरवले.

भाच्याच्या हातात घड्याळ दिले. बटण दाबल्यापासून संगणक कामाला लागेपर्यंत ४ मिनिटे १० सेकंद लागले. तीस पानांची फाईल उघडायला ५५ सेकंद. हे चालू असताना यंत्राच्या आत काय घडते, हे दाखवणारी एक खिडकी विंडोज प्रणालीत असते. तिचे नाव टास्क मॅनेजर. ती तुम्हीही उघडून पाहा. तिच्यात आम्हाला दिसले ते असे : प्रोसेसर, म्हणजे यंत्राचा मेंदू, फक्त १० ते १५ टक्के कामात. हार्ड डिस्क मात्र १०० टक्के! मेंदू रिकामा बसलेला आणि यंत्र तरीही घामाघूम. हे कसे?

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचक-टोकाखाली येण्यासाठी सरासरीने अर्ध्या फेऱ्याची वाट पाहावी लागते, ती झाली ४.२ मिलिसेकंद. त्याआधी टोकाचा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला हवा. त्याला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. एकूण साडेबारा मिलिसेकंदांच्या आसपास. आपल्याला हे क्षणार्धाहूनही कमी वाटेल. पण ताईच्या यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला ३४० कोटी ठोके देतो. साडेबारा मिलिसेकंदांत त्याचे सव्वाचार कोटी ठोके वाया जातात!

हे आकडे डोक्यात बसत नसतील तर आपण काळ ताणून पाहू. संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतून (हिलाच रॅम म्हणतात) माहिती आणायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. समजा हा वेळ आपण एक कोटी पटींनी ताणला आणि १ सेकंद केला. त्याच मापाने, फिरता भाग नसलेल्या नव्या प्रकारच्या साठ्यातून, म्हणजे एसएसडीतून, माहिती आणायला साधारण १७ मिनिटे लागतील. आणि हार्ड डिस्कमधून? जवळजवळ ३५ तास! स्वयंपाक करताना हळद ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यात असली तर एक सेकंद, वाण्याकडून आणायची असली तर सतरा मिनिटे, आणि त्यासाठी एस.टी.ने परगावी जाऊन मुक्काम करून यायचे असेल तर पस्तीस तास. स्वयंपाकीण कितीही चपळ असली तरी तिसऱ्या प्रकारात जेवण वेळेवर होणार नाही.

त्यातच ताईच्या यंत्रात रॅम होती फक्त ४ जीबी. प्रणाली, अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम आणि भाच्याचे यू-ट्यूब एकत्र चालू झाले की ती भरून जाते. मग संगणक रॅममधला काही मजकूर हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. म्हणजे हळदीसाठी परगावच्या फेऱ्या आणखी वाढल्या.

आता नव्या प्रोसेसरने किती फरक पडला असता, याचा हिशेब करू. समजा एका कामाला १०० सेकंद लागतात. त्यांपैकी ८० सेकंद डिस्कची वाट पाहण्यात, १५ प्रोसेसरच्या कामात आणि ५ इतर गोष्टींत जातात. डिस्क तीच ठेवून प्रोसेसर तिप्पट वेगाचा बसवला, तर १५ चे ५ होतील. एकूण वेळ ९० सेकंद. उलट प्रोसेसर तोच ठेवून डिस्कचा वेळ दहापट कमी केला, तर ८० चे ८ होतील आणि एकूण २८ सेकंद! जो भाग जास्त वेळ खातो तो सुधारल्याशिवाय एकूण वेळ फारसा कमी होत नाही, हे तत्त्व अमेरिकन अभियंते जीन ॲमडाल यांनी १९६७ साली संगणकांच्या बाबतीत मांडले. संगणकाशिवायही ते सगळीकडे लागू पडते. सकाळी शाळेला उशीर होतो तो सायकल हळू चालल्यामुळे, की मोजे सापडत नसल्यामुळे, हे एकदा घड्याळ लावून पाहा.

भाच्याने हेच तत्त्व पुढे नेले. (मुलगा हुशार आहे, फक्त त्याला ते कळू देऊ नये.) तो म्हणाला, "मामा, एका प्रश्नपत्रिका-संचाला आई तीन तास टाइप करते. यंत्राची वाट पाहण्यात बारा मिनिटे जातात. म्हणजे यंत्र कितीही वेगवान आणले तरी १९२ मिनिटांची १८० होणार, एवढेच!" मी त्याला शाबासकी देणार होतो, तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे, पण ती बारा मिनिटे गिऱ्हाईक समोर उभे असतानाच येतात." यावर आमच्या दोघांच्याही गणितात उत्तर नव्हते.

आता त्या नव्या यंत्राकडे वळू. भाच्याच्या वहीतला संगणक होता नोव्हेंबर २०२४ मध्ये बाजारात आलेला ॲपलचा मॅक मिनी. लांबी-रुंदी १२.७ सेंटिमीटर, उंची ५ सेंटिमीटर. म्हणजे घनफळ सुमारे ८०६ घन सेंटिमीटर. ताईचा डबा आम्ही पट्टीने मोजला : १८ × ४० × ४२. तो भरला ३०,२४० घन सेंटिमीटर, सदतीस पटींहून मोठा. इतके मोठे यंत्र इतके लहान कसे झाले?

याचे मुख्य कारण आहे उष्णता. संगणकातले सूक्ष्म स्विच म्हणजे ट्रान्झिस्टर. ते उघडमीट करताना जी ऊर्जा खर्च होते ती विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १९८० च्या सुमारास अनेक चिप ५ व्होल्टवर चालत. आजच्या प्रोसेसरमध्ये दाब १ व्होल्टच्या आसपास असतो. दाब एक पंचमांश झाला की इतर गोष्टी तशाच ठेवल्या तरी प्रत्येक उघडमिटीची ऊर्जा एक पंचविसांश होते. शिवाय ट्रान्झिस्टर स्वतःच लहान झाले, त्यामुळे ती आणखी घटली. या मॅक मिनीतल्या एम-४ चिपवर २८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. उष्णता कमी म्हणजे पंखा लहान, पंखा लहान म्हणजे पेटी लहान. त्यात फिरती तबकडी नाही, आणि रॅमही प्रोसेसरच्या शेजारी त्याच वेष्टनात बसवलेली आहे. अंतर घटल्याने माहिती झटपट पोचते आणि वीजही वाचते.

ओघात आले म्हणून सांगतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक नावाचा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत, म्हणजे सुमारे १० किलोबाइट. या चिमुकल्या यंत्रातली १६ जीबी स्मृती त्याच्या सोळा लाख पटींहून जास्त आहे.

पण प्रत्येक सोयीची काही किंमत असते. रॅम वेष्टनातच बसवल्यामुळे ती पुढे वाढवता येत नाही. विकत घेतानाच, पाच-सात वर्षांनी आपल्याला किती लागेल याचा अंदाज बांधून घ्यावा लागतो. ताईच्या डब्याचे झाकण चार स्क्रू काढले की निघते आणि आत रॅमची पट्टी बसवायला रिकामी खाच तयार असते. कुरूपपणाचे असेही फायदे असतात.

दुसरी अडचण याहून मोठी निघाली. ताईचा अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम जुना आहे. प्रत्येक प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची एक भाषा असते. ताईच्या यंत्राची भाषा वेगळी आणि मॅक मिनीची वेगळी. एकीचे दुसरीत भाषांतर करणारे दुभाषी प्रोग्रॅम असतात खरे, पण ताईचा प्रोग्रॅम चालण्यासाठी यंत्राच्या पाठीमागे एक लहान चावी, म्हणजे डोंगल, लावावी लागते. त्या चावीशी बोलणारा भाग दुभाष्याच्या आवाक्याबाहेर राहतो.

आणि मजकुराचे काय? संगणकात अक्षरे नसतात, क्रमांक असतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत क चा क्रमांक २३२५ आहे, जगातल्या कुठल्याही यंत्रावर तोच. पण ताईच्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले आहेत. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाईल उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. हा चमत्कार तुम्ही पाहिला असेल. ताईकडे अशा नऊशे फायली होत्या. त्यांत दरवर्षी थोडे बदल करून पुन्हा छापले जाणारे अहवाल होते, दोन शाळांच्या स्मरणिका होत्या, आणि आमच्या वडिलांच्या आठवणींची ऐंशी पानेही होती. साठ हजारांचे यंत्र आणले असते तर त्यावर यांतले काहीच वाचता आले नसते.

मग जुनेच यंत्र चालवत राहावे का? तेही सरळ नव्हते. त्यावरच्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. त्यानंतर सापडलेल्या सुरक्षेच्या छिद्रांना ठिगळे मिळणार नव्हती. (काही अटींवर एक वर्षाची मुदतवाढ देऊ केली होती, पण ती मुदतवाढच.) विंडोज ११ साठी, थोडे अपवाद सोडले, तर २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. ताईचा त्यात बसत नव्हता. म्हणजे यंत्र धडधाकट, पण त्याला पहारेकरी नाही.

विजेचा मुद्दाही भाच्याने पुढे केला. तो तपासून पाहू. नुसते टाइप करताना ताईच्या यंत्राला सुमारे ५५ वॅट लागत होते. मॅक मिनी स्वस्थ असताना ४ वॅट घेतो, असे उत्पादक सांगतो. फरक ५० वॅटचा धरा. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १२० युनिटे. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १२०० रुपये वाचतील. ५९,९०० ला १२०० ने भागा. पन्नास वर्षे! विजेच्या बचतीसाठी यंत्र बदलणे परवडणारे नाही. शिवाय फेकलेले यंत्र कुठे जाते, हाही प्रश्न आहेच. २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातला एक चतुर्थांशाहूनही कमी नोंदणीकृत मार्गाने गोळा झाला आणि पुन्हा वापरात आला.

शेवटी आम्ही पहिला टप्पा म्हणून एक एसएसडी आणि ८ जीबीची रॅमची पट्टी आणली. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आत बसले. ताईच्या फायलींच्या दोन प्रती आधी काढून ठेवल्या, हे सांगायला नको. यंत्र सुरू व्हायला आता ३५ सेकंद लागू लागले आणि तीस पानांची फाईल ९ सेकंदांत उघडू लागली. ताईने समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा उघडून दाखवली.

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकली. आता मजकूर ताईच्या फोनवर येतो आणि पेन ड्राइव्हने यंत्रात जातो. पेन ड्राइव्हमधूनही विषाणू शिरू शकतात, म्हणून कामासाठी एकच वेगळा ठेवला आहे आणि तो गिऱ्हाइकांच्या यंत्राला लावायचा नाही असा नियम आहे.

भाच्याला नवे यंत्र नाही, पण काम मिळाले : जुन्या फायली युनिकोडमध्ये आणायचे. हे वाटते तितके सोपे नाही. जुन्या फाँटमध्ये 'कि' लिहिताना वेलांटीचा क्रमांक आधी आणि क चा नंतर येतो, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. रफाराची तऱ्हा उलट. 'धर्म' या शब्दात जुन्या पद्धतीने रफार सर्वांत शेवटी येतो, युनिकोडमध्ये तो म च्या आधी हवा. रूपांतर करणारे प्रोग्रॅम बहुतेक अदलाबदल बरोबर करतात. पण 'सर्वांना'सारख्या शब्दात रफार, काना आणि अनुस्वार एकत्र आले की भाच्याच्या प्रोग्रॅमची फसगत होई. म्हणून ताई एकेक पान वाचून लाल पेन्सिलीने खुणा करते आणि भाचा दुरुस्त करतो. पहिला मान वडिलांच्या आठवणींना मिळाला. दिवाळीपर्यंत ६४० फायली झाल्या होत्या. नव्या यंत्राचे काय ते उरलेल्या २६० संपल्यावर पाहू, असे ताईने सांगितले आणि भाच्याने ते मान्यही केले.