मृद्गंधातला डॉक्टर

धार जिल्ह्यातल्या सरदारपूरच्या गवताळ माळावर पावसाळा लागला की तणमोर विणीसाठी येतो. तिकडे त्याला खरमोर म्हणतात. या दुर्मीळ पक्ष्यासाठी तिथं अभयारण्य आहे. पण त्याच माळाच्या मातीत, आणि तुमच्या अंगणातल्या कुंडीतही, एक रहिवासी असा आहे की ज्याच्यासाठी अभयारण्य कुणी काढणार नाही.

पहिल्या सरीला जो मृद्गंध सुटतो, तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जीवाणूंचा. बुरशीसारखे तंतू पसरत ते मातीत वाढतात आणि बीजाणू धरताना जिओस्मिन नावाचं रसायन तयार करतात. थेंब आदळला की मातीतली हवा इवल्या बुडबुड्यांनी वर येऊन फुटते आणि वास उधळतो. बीट कापताना येणारा मातकट दर्पही याच रसायनाचा. एक लाख कोटी भागांत जेमतेम पाच-दहा भाग असले तरी आपलं नाक ते ओळखतं! जीवाणूंना हा खटाटोप कशाला? या वासानं मातीतले स्प्रिंगटेल नावाचे चिमुकले जीव ओढले जातात, जीवाणू खातात आणि जाताना अंगावरून, पोटातून बीजाणू दूरवर नेतात. फुकटची वाहतूक!

याच जीवाणूंच्या नादी सेल्मन वॅक्समन लागले. युक्रेनमधल्या खेड्यातून अमेरिकेत आलेला हा माणूस रटगर्स विद्यापीठात आयुष्यभर माती उकरत बसला. त्यांचा तर्क सरळ होता: मातीत इतकी गर्दी, इतकी उपासमार, तर तिथले जीव एकमेकांवर विष टाकत असणारच. 1943 साली त्यांचा तेविशीतला विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यानं तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. पेनिसिलीनला न बधणाऱ्या क्षयावर पहिलं खरं औषध मिळालं. 1952 चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना गेलं. त्याआधीच शॅट्झ कोर्टात गेला होता आणि सहसंशोधक म्हणून त्याचं नाव मान्यही झालं होतं. तरी नोबेल समितीनं त्याला वगळलं; माझ्या मते तो अन्यायच.

आपल्याकडे 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी उभी राहिली. औषधं बनवता बनवता तिथले शास्त्रज्ञ आवारापलीकडची मातीही चाळत होते. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पिंपरीच्या मातीत एक नवा स्ट्रेप्टोमायसिस सापडला. त्यापासून 1961 च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरुद्धचं प्रतिजैविक निघालं. बाजारात ते फार गाजलं नाही. पण त्या जीवाणूला पिंपरीवरूनच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव मिळालं.