शीतगृहाचें दार आणि हवेचा पडदा

चैत्रांतल्या भर दुपारीं द्राक्षांच्या शीतगृहाचें दार उघडून उंबरठ्यावर क्षणभर उभें राहिल्यास एक चमत्कार अनुभवास येतो. पायांवरून थंडगार वारा बाहेर धांवत असतो, आणि त्याच वेळीं डोक्यावरून उष्ण हवा आंत शिरत असते. बाहेर झाडाचें पानही हालत नसलें, तरी हे दोन प्रवाह चालूच असतात. विजेचें बिल वाढलें म्हणून यंत्रास बोल लावणाऱ्या बागाइतदारानें प्रथम हा उंबरठा पाहावा. विहिरीचें पाणी कष्टानें उपसावें आणि वाटेंत पाट फुटून तें वाहून जावें, तसाच हा प्रकार आहे.

याचें कारण साधें आहे. थंड हवा जड असते. शून्य अंश सेंटिग्रेडच्या एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२९ किलो भरतें. ४० अंशांच्या हवेचें सुमारें १.१३ किलो. दार उघडतांच जड हवा पाण्याप्रमाणें खालून वाहूं लागते, व तिची जागा भरण्यास वरच्या अर्ध्या भागांतून उष्ण हवा येते. दार दोन मीटर रुंद व अडीच मीटर उंच, आंत शून्य अंश व बाहेर ४० अंश, असें धरून हिशेब केल्यास सेकंदास जवळजवळ दोन घनमीटर हवेची अदलाबदल होते. दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद व चार मीटर उंच अशा खोलींत ३२० घनमीटर हवा मावते. ही गति तशीच राहिली, तर तीन मिनिटांच्या आंत तितकी उष्ण हवा खोलींत येईल.

उष्णतेहूनही तिच्याबरोबर येणारें पाणी अधिक घातक होय. ४० अंशांच्या हवेंत आर्द्रता शेंकडा ३० असली, तरी प्रत्येक घनमीटरांत सुमारें १५ ग्रॅम वाफ असते. शून्य अंशास तीच हवा पांच ग्रॅमही धरून ठेवूं शकत नाहीं. उरलेलें पाणी यंत्राच्या थंड नळ्यांवर हिमाच्या रूपानें जमतें व यंत्राची शक्ति कमी करितें; कांहीं थंड घडांवर दंवासारखें बसतें. येथें कोणी म्हणेल कीं, द्राक्षांस तर शेंकडा ९० ते ९५ आर्द्रता हवीच असते. खरें आहे, पण ती हवेंत हवी, मण्यांवर पाणी नको. ओल्या मण्यांवर करडी बुरशी वाढते आणि पुठ्ठ्याच्या पेट्या मऊ पडतात. वर्षभराच्या छाटणी-फवारणीचें फळ ज्या खोलींत येऊन थांबतें, तिचें दार म्हणूनच इतकें महत्त्वाचें.

या दाराच्या रक्षणासाठीं जीं साधनें आहेत, त्यांपैकीं ‘एअर कर्टन’ अथवा हवेचा पडदा हें एक होय. फिरत्या दाराचें पेटंट १८८८ सालीं मिळविणारे अमेरिकन संशोधक थिऑफिलस व्हॅन कॅनेल यांच्याच नांवें हवेच्या पडद्याचें पेटंटही १९०४ सालचें असल्याचें सांगतात. दाराच्या माथ्यावर आडवी पेटी असते. तींतील पंखे हवा ओढून एका अरुंद व लांब फटींतून वेगानें खालीं सोडितात. हा झोत जमिनीपर्यंत सलग पोंचला, म्हणजे आंतली व बाहेरची हवा त्यास सहसा ओलांडीत नाहीं. माणूस व हातगाडी मात्र सुखानें जातात. चांगला बसविलेला पडदा अदलाबदलीचा सुमारें दोनतृतीयांश भाग अडवूं शकतो. पूर्ण अडवील, असें कोणी सांगितल्यास विश्वास ठेवूं नये.

पडद्याचें यश त्याच्या मांडणीवर आहे. पेटी दाराच्या पूर्ण रुंदीची असावी; बाजूस वीतभर जागा उघडी राहिली, तरी थंडी तेथून निसटते. झोताचें तोंड किंचित् बाहेरच्या, उष्ण बाजूकडे कललेलें असावें. वेग कमी पडल्यास झोत जमिनीस पोंचण्यापूर्वींच मोडतो. वेग फाजील झाल्यास तोच दोन्ही बाजूंची हवा ओढून एकमेकींत घुसळतो. म्हणजे जोर जितका अधिक तितका पडदा उत्तम, ही समजूत चुकीची आहे. समोरून थेट वारा येत असेल, तर प्रथम आडोसा करावा.

परीक्षा करण्यास महाग उपकरण नको. पडदा चालू करून उंबरठ्याच्या आंतल्या बाजूस, जमिनीपासून वीतभर उंचीवर पेटलेली उदबत्ती धरावी. धूर सरळ बाहेर पळूं लागला, तर झोत तळापर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. हीच परीक्षा दाराच्या मध्यभागीं व दोन्ही कोपऱ्यांशीं करावी, आणि यंत्र बसविणाऱ्याकडून दोष दुरुस्त झाल्यावरच पैसे चुकते करावे.

मग हा खर्च कोणीं करावा? ज्याचें दार दिवसांतून दोन-चार वेळांच उघडतें, त्यानें तें त्वरित लावण्याची शिस्त पाळावी व प्लास्टिकच्या पट्ट्यांचा स्वस्त पडदा टांगावा. ज्या सामाइक शीतगृहांत हंगामांत हातगाड्यांची रीघ लागते, तेथें पट्ट्या फळांच्या पेट्यांस घांसतात व मजूर त्या बांधून ठेवितात. तेथें हवेचा पडदा शोभतो. दार उघडतांच पंखा सुरू व्हावा आणि लागतांच बंद व्हावा, अशी कळ त्यास जोडावी. दूधसंकलन केंद्राच्या दारावर माशा अडविण्यासही हेंच साधन उपयोगी पडतें. मात्र तेथें झोत अधिक जोराचा लागतो.

तथापि कोणताही पडदा बंद दाराची बरोबरी करीत नाहीं. थंडी विकत घ्यावी लागते. ती उंबरठ्यावरून सांडूं न देणें हें यंत्राहून मालकाच्या नजरेवर अधिक अवलंबून आहे.