वेगाची गोडी आणि काटे

मराठीच्या प्राध्यापकाने व्हिडिओ खेळावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण परवा भाच्याने ‘सॉनिक द हेजहॉग’ हा सेगा कंपनीचा १९९१ सालचा खेळ पुढ्यात ठेवला आणि माझी सबंध संध्याकाळ त्याने खाल्ली.

नायक एक निळा, काटेरी प्राणी. पहिल्याच ‘ग्रीन हिल’ प्रदेशात तो उतारावरून सुटतो आणि गोल कमानीतून डोके खाली, पाय वर असा धावत जातो. हा वेग नुसती कळ दाबून मिळत नाही; उतार साधून तो कमवावा लागतो. खेळाचा मोठा गुण हाच. दुसरा गुण त्याची दयाबुद्धी. गाठीला एक जरी सोनेरी कडी असली, तरी शत्रूच्या धक्क्याने जीव जात नाही. कड्या तेवढ्या विखुरतात.

दोषही वेगातच आहे. पुढचे काटे दिसतात न दिसतात तोच आपण त्यांवर आदळतो! आणि ‘लॅबिरिंथ’च्या पाण्यात तर पाय जड होतात, श्वासासाठी बुडबुड्यांची वाट पाहत थांबावे लागते. धावण्याची चटक लावायची आणि मग रांगायला लावायचे, हा कुठला न्याय?

मी चिडलो. भाचा हसून म्हणाला, “मामा, आधी रस्ता पाठ करायचा, मग पळायचं.”

वर्गात कविता घाईने उरकणारा मी गप्प झालो. या खेळात वेग हे धाडसाचे नव्हे, ओळखीचे फळ आहे. नवख्याला तो हे आधी सांगत नाही, एवढीच माझी तक्रार.