गिऱ्हाईक स्नो चेन मागतंय? आधी टायर वाचा

कार ॲक्सेसरीजवाल्या आपल्या मित्रांसाठी ही पोस्ट. व्हिडिओत मी चेन बसवून दाखवली, पण आकडे बोलताना पटापट निघून जातात, म्हणून इथे नीट लिहितोय.

डिसेंबर लागला की नाशिक असो की पुणे, दुकानात एक वाक्य ऐकू येतंच : "मनालीला निघालोय, एसयूव्ही आहे, स्नो चेन द्या." यावर आपण काय विचारतो? "गाडी कोणती?" इथेच घोळ सुरू होतो. चेन गाडीला बसत नाही, टायरला बसते.

हे मला कसं कळलं ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला क्रेटासाठी चेन हवी होती. मी डोकं न लावता चार्ट काढला, त्यांच्या मॉडेलसमोर २१५/६० आर१७ दिसलं, माल मागवला, बिल केलं. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी दुसरीकडून रुंद टायर टाकून घेतले होते, २३५/६० आर१७. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. सोलांगच्या रस्त्यावरून दुपारी चारला फोन : "दादा, हुक चार बोटं लांब राहतोय, काय करू?" मी काय सांगणार! बर्फ पडायला लागला की तिथले पोलीस फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. गाडीत त्यांची आई होती, लहान मुलगी होती. तिथूनच मागे फिरले आणि अटल टनेल न बघता परत आले. पैसे मी लगेच दिले. ते आजही दुकानात येतात, पण वायपरचं रबर घेतानासुद्धा "नक्की बसेल ना?" असं दोनदा विचारतात.

ती चार बोटं कुठून आली ते बघा. टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं २१५/६० आर१७. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के इतकी साइडवॉलची उंची, म्हणजे १२९ मिमी. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे साधारण ४३२ मिमी. रिम अधिक दोन्हीकडची साइडवॉल, एकूण व्यास झाला ६९० मिमी. आता २३५/६० आर१७ करा, ७१४ येतो. फरक फक्त २४ मिमीचा वाटतो, पण चेन टायरला गोल वेढा घालते ना? मग २४ गुणिले ३.१४, म्हणजे ७५ मिमी, तीन इंच! शिवाय टायर रुंद झाला तो वेगळाच. चेन काही रबर बँड नाही, ताणून बसवता येत नाही.

आणि टायर बदललेला नसला तरी गाडीच्या नावावर जाऊ नका. क्रेटाच व्हेरियंटप्रमाणे २०५/६५ आर१६ वर पण येते. नवी थार २५५/६५ आर१८ वर पण येते आणि २४५/७५ आर१६ वर पण. म्हणून माझा आता एकच नियम आहे : टायरच्या बाजूचा फोटो व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय ऑर्डर टाकायची नाही. ड्रायव्हरच्या दारापाशी कंपनीचा स्टिकर असतो, त्याचाही फोटो मागवतो. दोन्ही आकडे वेगळे निघाले तर टायर बदललाय हे कळतं. चेनच्या बॉक्सवर साइजची यादी असते. त्यात आपला आकडा जसाच्या तसा असला तरच घ्यायचं. "जवळपासचा आहे, ॲडजस्ट होईल" म्हणणाऱ्या होलसेलरला मनालीतून फोन येत नाही, आपल्याला येतो.

साइज जुळला म्हणजे झालं असं नाही. चेनचा एक वेढा टायरच्या आतल्या बाजूनेही जातो, जिथे सस्पेन्शन आणि ब्रेकचा पाइप असतो. गाडीखाली वाकून बघा : स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवा आणि टायरच्या आतल्या बाजूला किती फट उरते ते हाताने चाचपा. रुंद टायर टाकले की सगळ्यात आधी हीच फट कमी होते. बाहेरच्या चेनवर कधी कधी 'क्लास एस' लिहिलेलं असतं. ती कमी जागेच्या गाड्यांसाठीची वर्गवारी आहे, त्यात टायरच्या वर निदान ३७ मिमी आणि आतल्या बाजूला १५ मिमी जागा धरतात. ९, १२, १६ मिमी अशा जाडीच्या चेन मिळतात. एसयूव्हीवाला हमखास म्हणतो, "जाडवाली द्या." जाड चेन मजबूत खरी, पण आत जागा नसेल तर तीच घासणार. गाडीच्या मॅन्युअलमध्ये चेनबद्दल काय लिहिलंय ते वाचायला लावा. काही टायर साइजवर चेन लावूच नका असं लिहिलेलं असतं. तिथे माल विकायचा नाही, विषय संपला.

मग प्रश्न येतो, कोणत्या चाकांना? इंजिनची ताकद जिथे जाते त्या चाकांना. क्रेटाला पुढच्या. टू व्हील ड्राइव्ह स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरला मागच्या. फोर बाय फोरला मॅन्युअल म्हणेल तसं. मागच्याच चाकांना चेन असेल तर वळणावर पुढची चाकं घसरू शकतात, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. आणि फोर बाय फोरवाले जे म्हणतात ना, "मला चेनची गरज नाही", त्यांना एवढंच विचारा, ब्रेक मारल्यावर काय? ताकद चारही चाकांना गेली म्हणून गाडी बर्फावर लवकर थांबत नाही.

अलॉयच्या भोकांतून बांधायचे प्लास्टिकचे पट्टे स्वस्त मिळतात. मी ठेवत नाही. चिखलात अडकलेली गाडी काढायला ठीक, घाट उतरायला नाही.

आता धंद्याचं. मी चेनचा स्टॉक ठेवत नाही. वर्षाला मोजकी गिऱ्हाइकं आणि साइज ढीगभर, पैसा अडकून पडतो. निम्मा ॲडव्हान्स घेतो, माल आला की गाडी दुकानात बोलावतो आणि दोन्ही चेन गिऱ्हाइकाकडूनच बसवून घेतो. ट्रायलचे वेगळे पैसे घेत नाही, कारण परत घेण्याची कटकट इथेच वाचते. बिलावर टायरचा साइज लिहितो आणि खाली त्यांची सही. बसवल्यावर थोडं पुढे जाऊन थांबायचं आणि पुन्हा ताणायचं, बॉक्सवरची वेगमर्यादा पाळायची (बहुतेक चेनवर ताशी ५० किमी किंवा त्याहून कमी असते), कोरडा डांबरी रस्ता लागला की काढून टाकायची, हे तोंडी सांगतो. पिशवीत रबरी हातमोजे आणि गुडघे टेकायला ताडपत्रीचा तुकडा टाकतो, माझ्याकडून.

गेल्या आठवड्यात फॉर्च्युनरवाले एक काका आले होते, टायर २६५/६० आर१८, वय साठच्या पुढे. पहिल्यांदा बसवायला पस्तीस मिनिटं लागली, आतला हुक सापडेचना. "काका, चहा घ्या, मग परत एकदा," म्हटलं. दुसऱ्यांदा बारा मिनिटं. परवा निघाले ते.