जिथे इंटरप्ट बंद करता येत नाहीत

2002 साली मिरो सामेक यांचं 'प्रॅक्टिकल स्टेटचार्ट्स इन सी/सी प्लस प्लस' हे पुस्तक आलं. त्यात एका छोट्या फ्रेमवर्कचा सगळा सोर्स कोड दिला होता. ते फ्रेमवर्क मायक्रोकंट्रोलरसाठी होतं, जिथे मेमरी किलोबाइटमध्ये मोजतात आणि ऑपरेटिंग सिस्टिम असलीच तर नावापुरती असते. अडचण एवढीच होती, की पुस्तक विकत घेणाऱ्या प्रत्येकाकडे बोर्ड असेल याची खात्री नव्हती, पीसी मात्र घरोघर होता. त्यामुळे हे रिअल-टाइम फ्रेमवर्क पहिल्यापासूनच डॉस आणि विंडोजवरही नांदू लागलं. पुढे त्याचं नाव 'क्यूपी' झालं, लिनक्सचा पोर्ट आला, आणि सोय म्हणून सुरू झालेला हा प्रकार दोन दशकांत एम्बेडेड क्षेत्रातला रोजचा रिवाज बनला. मात्र या वाटेवर कुठे कुठे ठेचा लागल्या हे सहसा कुणी सविस्तर सांगत नाही.

क्यूपीचा गाभा समजायला सोपा आहे. प्रोग्रॅम 'अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट' नावाच्या स्वतंत्र घटकांत विभागायचा. प्रत्येकाला स्वतःची इव्हेंटची रांग, स्वतःचं प्राधान्य आणि स्वतःचं स्टेट मशीन. कुणी कुणाच्या डेटाला थेट हात लावायचा नाही, जे सांगायचं ते इव्हेंट पाठवून सांगायचं. हातातला इव्हेंट पूर्ण उरकल्याशिवाय पुढचा उचलायचा नाही. यातलं एकही तत्त्व सामेक यांनी शून्यातून काढलेलं नव्हतं. कार्ल ह्यूइट यांचं अॅक्टर मॉडेल 1973 चं, तर डेव्हिड हॅरेल यांचा स्टेटचार्टवरचा प्रसिद्ध निबंध 1987 चा, आणि त्याची मुळं इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या कामात होती. सामेक यांनी हे सगळं साध्या सी भाषेत, काही किलोबाइटमध्ये बसवून दाखवलं.

पुस्तकाच्या 2008 च्या दुसऱ्या आवृत्तीत पोर्टिंगवर एक आख्खं प्रकरण आहे. कसलीही ऑपरेटिंग सिस्टिम नसलेला बोर्ड, मायक्रोसी/ओएस-टूसारखी पारंपरिक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम (आरटीओएस) आणि लिनक्स या तिन्हींवर फ्रेमवर्क कसं बसवायचं ते त्यात आहे. वाचताना वाटतं, हे काम दोन दिवसांचं. फ्रेमवर्कला खालच्या थराकडून हवं तरी काय असतं? थोडा वेळ कुणी मध्ये येणार नाही अशी हमी, रांग रिकामी असताना झोपायची आणि इव्हेंट आला की उठायची सोय, ठरावीक अंतराने वाजणारा टिक, आणि प्रत्येक अॅक्टिव्ह ऑब्जेक्टला एक थ्रेड. विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे हे सगळं हजर आहे. पोर्टचा कोडही काही शे ओळींत आटोपतो.

पहिली ठेच लागली ती 'कुणी मध्ये येणार नाही' या हमीपाशी. मायक्रोकंट्रोलरवर ही हमी एका सूचनेत मिळते: इंटरप्ट बंद करा, काम उरका, पुन्हा चालू करा. एकच प्रोसेसर असल्यामुळे तेवढ्या वेळात दुसरं काहीच चालू शकत नाही. डेस्कटॉपवर साध्या प्रोग्रॅमला इंटरप्ट बंद करायची मुभाच नसते. म्हणून तिथे एक ग्लोबल म्यूटेक्स घेतात, विंडोजवर क्रिटिकल सेक्शन आणि लिनक्सवर पीथ्रेड म्यूटेक्स. वरवर इंटरप्ट बंद करणं आणि म्यूटेक्स घेणं सारखंच वाटतं. पण इंटरप्ट बंद करणं म्हणजे दुकानाचं शटर ओढणं आहे, तर म्यूटेक्स म्हणजे दारावर लावलेली 'आत येऊ नये' ही पाटी. पाटी वाचणाऱ्यालाच ती लागू होते. जो थ्रेड म्यूटेक्स मागतच नाही, तो खुशाल चालत राहतो.

त्यात आणखी एक बारकावा आहे. विंडोजच्या क्रिटिकल सेक्शनमध्ये तोच थ्रेड दुसऱ्यांदा शिरला तर चालतं. लिनक्सवरचा साधा पीथ्रेड म्यूटेक्स मात्र त्याच थ्रेडने पुन्हा मागितला की थ्रेड स्वतःच्याच कुलपासमोर कायमचा अडकतो. त्यामुळे कोड विंडोजवर बिनबोभाट चालला याचा अर्थ तो बरोबर आहे असा होत नाही. ही चूक लिनक्स लगेच चव्हाट्यावर आणतं, आणि खरं तर ते बरंच आहे.

दुसरी अडचण बरीच वर्षं कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. 2002 मध्ये घरच्या पीसीत एकच कोअर असायचा. इंटेलचा पेंटियम डी आणि एएमडीचा अॅथलॉन 64 एक्स2 हे दोन कोअरचे प्रोसेसर 2005 मध्ये आले. तोवर विंडोजवरही एका क्षणी एकच थ्रेड चालत होता, त्यामुळे बोर्डावरच्या सवयी खपून जात होत्या. बोर्डावर वरच्या प्राधान्याचं काम चालू असताना खालच्या प्राधान्याचं काम चालूच शकत नाही. या खात्रीवर विसंबून कितीतरी कोड लिहिला जातो, आणि लिहिणाऱ्याला आपण विसंबलो आहोत याचा पत्ताही नसतो. चार कोअरच्या यंत्रावर मात्र वरचा आणि खालचा दोघेही खांद्याला खांदा लावून एकाच वेळी धावतात. त्यांनी एखादा ग्लोबल व्हेरिएबल वाटून घेतला असेल, तर बोर्डावर वर्षानुवर्षं न दिसलेला बग डेस्कटॉपवर तासाभरात दिसू शकतो. 'डेटा वाटून घेऊ नका' हा क्यूपीचा नियम ज्यांनी मनापासून पाळला त्यांचे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालले. बाकीच्यांनी सगळे थ्रेड एकाच कोअरला बांधून वेळ मारून नेली.

क्यूपीसोबत मिळणारं 'जेवणारे तत्त्वज्ञ' हे उदाहरण पाहिलं तर हे नीट दिसतं. मूळ कोडं डाइक्स्ट्रा यांचं, 1965 चं. पाच तत्त्वज्ञ आणि एक टेबल असे सहा अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट आहेत. काटे वाटायचं काम टेबलाकडे आहे, आणि कोण विचार करतोय, कुणाला भूक लागलीय, कोण जेवतोय हे स्क्रीनवर उमटत राहतं. किती वेळ विचार आणि किती वेळ जेवण हे एक रँडम जनरेटर ठरवतो, आणि त्याला सुरुवातीला 1234 हा ठरावीक सीड दिलेला असतो. सीड ठरलेला आहे म्हटल्यावर दर वेळी तेच आउटपुट यायला हवं. पण पाच थ्रेड एकाच जनरेटरकडून आकडे उचलत असतील, तर कुठला आकडा कुणाच्या वाट्याला जाईल हे त्या क्षणी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मर्जीवर असतं. सीड तोच आणि कोडही तोच, तरी जेवणाचा क्रम बदलू शकतो. 'काल टेस्ट पास झाली, आज का नापास?' या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इतक्याशा गोष्टीत असतं.

मग वेळेचं काय? समजा बोर्डावर सेकंदाला 100 टिक आहेत, म्हणजे दर 10 मिलिसेकंदाला एक. विंडोजचं घड्याळ एरवी दर 15.6 मिलिसेकंदाला पुढे सरकतं. त्यामुळे 10 मिलिसेकंद झोपायला सांगितलेला थ्रेड साधारण 15.6 नंतर उठतो. 6000 टिकांचा, म्हणजे एका मिनिटाचा टायमर असा दीड मिनिटाहून जास्त घेतो. घड्याळ बारीक करायची सोय विंडोजमध्ये आहे, मिलिसेकंदापर्यंत उतरता येतं. गंमत म्हणजे 2020 पर्यंत ही सेटिंग आख्ख्या मशीनला लागू व्हायची. शेजारी मीडिया प्लेयर उघडला आणि त्याने घड्याळ बारीक केलं, की आपला सिम्युलेटरही आपोआप वक्तशीर व्हायचा. प्लेयर बंद केला की पुन्हा सुस्त. विंडोज 10 च्या 2004 या आवृत्तीपासून हे बदललं.

लिनक्सच्या पोर्टमध्ये सामेक यांनी वेळेसाठी शक्य ते सगळं केलं होतं. प्रोग्रॅमची पानं डिस्कवर जाऊ नयेत म्हणून मेमरी कुलूपबंद केली, आणि थ्रेडना 'शेड-फायफो' हे रिअल-टाइम धोरण दिलं. पण त्यासाठी रूटचे किंवा तसे खास अधिकार लागतात. ते नसतील तर थ्रेड तयार करायचा प्रयत्न फसतो, आणि मग पोर्ट गुपचूप साध्या धोरणावर उतरून थ्रेड पुन्हा तयार करतो. प्रोग्रॅम चालू राहतो, तक्रार कसलीच नाही. नवशिक्यासाठी हे सोयीचं आहे. पण आपलं काम रिअल-टाइम प्राधान्याने चालतंय या समजुतीत राहणाऱ्यासाठी हा डिझाइनमधला सगळ्यात धोकादायक शिष्टाचार म्हणावा लागेल.

रिचर्ड बॅरी यांच्या फ्रीआरटीओएसने दुसरा रस्ता धरला. त्याच्या विंडोज पोर्टमध्ये प्रत्येक टास्कला खराखुरा थ्रेड मिळतो, पण एका वेळी एकालाच चालू द्यायचं आणि बाकीचे थांबवून ठेवायचे. हा पोर्ट खरा रिअल-टाइम नाही, असं त्यांच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. लिनक्सवर टिकसाठी सिग्नल वापरले, आणि त्यातून एक वेगळाच घोळ उभा राहिला. एखादा टास्क प्रिंटएफ करत असतो, सी लायब्ररीने आउटपुटचं कुलूप घेतलेलं असतं, नेमका तेव्हाच टिकचा सिग्नल येतो आणि दुसऱ्या टास्कची पाळी लागते. त्यानेही प्रिंटएफ केलं की तो त्याच कुलपापाशी अडकतो. ते कुलूप सोडणारा टास्क मात्र शेड्यूलरने थांबवून ठेवलेला असतो. सगळं ठप्प. म्हणून त्यांच्या डेमोमध्ये कन्सोलवर छापण्यासाठी वेगळं फंक्शन आणि वेगळा म्यूटेक्स दिला आहे. साधी एक ओळ छापायची तर इतका व्याप!

झेफिर या आरटीओएसने तर वेळेचा प्रश्नच उलटा केला. त्याच्या नेटिव्ह पोर्टवर कोड चालतो तेव्हा आभासी घड्याळ थांबलेलं असतं. सगळे थ्रेड झोपले की मगच घड्याळ पुढच्या घटनेवर उडी मारतं. त्यामुळे तासाभराची टेस्ट काही सेकंदांत उरकू शकते आणि दर वेळी तोच निकाल येतो. पण इंटरप्टची वाट पाहत लूपमध्ये गिरक्या घेणारा कोड तिथे कायमचा फिरत बसतो, कारण तो थांबत नाही तोवर वेळही सरकत नाही.

क्यूपीतही पुढे अनेक थ्रेडच्या पोर्टशेजारी एकथ्रेडी पोर्ट आले. त्यांत सगळे अॅक्टिव्ह ऑब्जेक्ट एकाच थ्रेडमध्ये, प्राधान्यक्रमाने, आपापला इव्हेंट उरकतात. दिसायला हे माघार घेणं आहे. विंडोजने इतके थ्रेड देऊ केले असताना एकावर का भागवायचं? पण बोर्डावरचा क्रम जपणारा पोर्ट हाच आहे. जेम्स ग्रेनिंग यांच्या 2011 च्या 'टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट फॉर एम्बेडेड सी' या पुस्तकानंतर एकच कोड बोर्ड आणि पीसी दोन्हींवर चालवायची पद्धत अधिक रूढ झाली, आणि तिला क्रमाची हीच निश्चितता हवी होती. सामेक यांच्या क्यूविन या टूलने तर खिडकीत एलसीडी, एलईडी आणि बटणंही काढून दिली, म्हणजे हार्डवेअर हातात यायच्या आधीच उपकरणाचं पुढचं पॅनेल दाबून पाहता येऊ लागलं.

दरम्यान काही जण फ्रेमवर्क डेस्कटॉपवर नेण्याऐवजी डेस्कटॉपच रिअल-टाइमच्या जवळ आणत होते. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलेलं प्रीएम्प्ट-आरटी हे काम सुमारे 20 वर्षं मुख्य लिनक्स कर्नलच्या बाहेर पॅच म्हणून जगलं. शेवटचा मोठा अडथळा होता तो कर्नलच्या छापण्याच्या यंत्रणेचा, प्रिंटकेचा. पुन्हा छपाईच! सप्टेंबर 2024 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत ग्लाइक्सनर यांनी ते काम कर्नलमध्ये सामावून घेण्याची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून लिनस टोरवाल्ड्स यांच्या हाती ठेवली, आणि नोव्हेंबरमध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीत ते काम अधिकृतपणे सामील झालं.

एवढं होऊनही क्यूपीच्या अनेक थ्रेडच्या पोर्टमधली ती गुपचूप उतरण्याची वाट तशीच राहू शकते. कर्नल कितीही नवा असला, तरी अधिकार नसलेला प्रोग्रॅम साध्याच धोरणावर चालणार. तेव्हा लिनक्सवर असा पोर्ट वापरणाऱ्यांनी एकदा 'सीएचआरटी' ही आज्ञा सगळ्या थ्रेडसाठी चालवून पाहावी. तिथे 'शेड-अदर' हे साधं धोरण दिसलं, तर प्राधान्याचे जे आकडे कोडमध्ये मोठ्या विचाराने लिहिले आहेत ते कर्नलपर्यंत पोचलेलेच नाहीत.