कॅथलिक शेजाऱ्यांचे चाळीस दिवस : उपवासकाळ समजून घेऊया

२०१७ साली १४ एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्याआधी २००६ मध्येही हे दोन दिवस एकत्र आले होते आणि २०२८ मध्ये पुन्हा येणार आहेत. एकीकडे बाबासाहेबांच्या जयंतीचा जल्लोष आणि त्याच दिवशी शेजारच्या चर्चमध्ये येशूच्या मृत्यूचा शोक. मुंबई, वसई, ठाणे, पुणे अशा अनेक ठिकाणी आपली आणि कॅथलिकांची घरे एकमेकांना लागून आहेत. तरीही या दिवसांत शेजारच्या घरात काय पाळले जाते, हे आपल्या तरुणांना फारसे माहीत नसते. "ते लोक चाळीस दिवस मटण खात नाहीत," एवढेच आपण ऐकलेले असते. ही माहिती अर्धवट आहे, आणि जो अर्धा भाग राहून जातो तोच कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखा आहे. म्हणून हा लेख.

चाळीस दिवस कसे मोजतात?

इंग्रजीत ज्याला 'लेंट' म्हणतात त्याला मराठी कॅथलिक उपवासकाळ किंवा प्रायश्चित्तकाळ म्हणतात. गोव्यात कोंकणी बोलणारे त्याला कोरेझ्म म्हणतात. बायबलनुसार येशूने आपले कार्य सुरू करण्यापूर्वी रानात चाळीस दिवस उपवास केला होता. त्याची आठवण म्हणून हा काळ पाळतात.

तारखा दरवर्षी बदलतात, कारण ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार येतो. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उरतात चाळीस दिवस. २०२८ मध्ये राखेचा बुधवार १ मार्चला आणि ईस्टर १६ एप्रिलला आहे.

राखेच्या बुधवारी फादर प्रत्येकाच्या कपाळावर राखेने क्रूस काढतात. मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख केलेली असते. अर्थ सरळ आहे : माणूस मातीचा आहे आणि मातीतच जाणार आहे. श्रीमंत-गरीब सगळ्यांच्या कपाळावर एकच राख. त्या दिवशी कॉलेजात किंवा ऑफिसात एखाद्या मित्राच्या कपाळावर काळा डाग दिसला, तर त्याला पुसायला सांगू नका.

नियम काय सांगतो?

आज चर्चचा नियम पुष्कळ सौम्य आहे. सक्तीचे उपवास दोनच : राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी १८ ते ५९ वयाच्या व्यक्तींनी एकच पूर्ण जेवण घ्यायचे. बाकी दोन वेळा थोडेसे खाल्ले तरी चालते. १४ वर्षांवरील सर्वांनी या दोन दिवशी आणि या काळातल्या प्रत्येक शुक्रवारी मांस टाळायचे. आजारी माणसे आणि गरोदर स्त्रिया यांना उपवासातून सूट असते. पूर्वी उपवासकाळातल्या रविवार सोडून सगळ्या दिवशी उपवासाची सक्ती होती. १९६६ मध्ये पोप पॉल सहावे यांनी ती कमी केली आणि भर सक्तीपेक्षा मनातल्या पालटावर दिला.

मासे, अंडी आणि दूध यांना मात्र या नियमात बंदी नाही. त्यामुळे शुक्रवारी मटण सोडून पापलेट तळून खाल्ले तरी नियम मोडत नाही. आपल्याकडची 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण इथेही लागू पडते. विचार करणाऱ्या कॅथलिक घरांना हे चांगले कळते. म्हणून बरीच कुटुंबे नियमापेक्षा जास्त पाळतात. कोणी पूर्ण चाळीस दिवस मांस सोडतात, कोणी दारू, कोणी सिगारेट.

घरात काय बदलते?

या काळात शक्यतो लग्ने होत नाहीत. त्यामुळे गोव्यात आणि वसईत लग्नांची गर्दी राखेच्या बुधवारापूर्वी किंवा ईस्टरनंतर असते. गोव्याचा कार्निव्हल बरोबर राखेच्या बुधवारापूर्वीचे चार दिवस चालतो, तोही याच कारणाने. पुढे संयमाचे दिवस येणार म्हणून आधी खाणे-पिणे, नाच-गाणे. चर्चमध्ये वेदीवर फुले ठेवत नाहीत, फादरांचा झगा जांभळा असतो आणि 'आलेलुया' हा आनंदाचा घोष ईस्टरपर्यंत बंद असतो.

दर शुक्रवारी 'क्रुसाची वाट' ही प्रार्थना होते. येशूला शिक्षा झाल्यापासून त्याला कबरेत ठेवेपर्यंतचे चौदा प्रसंग एकेक करून आठवायचे. हे चर्चमध्ये होते, तसेच वाडीत किंवा सोसायटीतही होते.

लहान मुलांवर उपवासाची सक्ती नाही. पण आई-वडील त्यांना विचारतात, "तू काय सोडणार?" कोणी चॉकलेट सोडते, कोणी मोबाइलवरचा गेम. मोठी माणसे भांडण मिटवायचे ठरवतात, अबोला धरलेल्या भावाला फोन करतात. ईस्टरपूर्वी फादरांपुढे पापांची कबुली देण्याचीही पद्धत आहे.

इथे आपल्याला उपोसथाची आठवण होणे साहजिक आहे. पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका दुपारनंतर भोजन घेत नाहीत. संयमाचा सराव दोन्हीकडे आहे. फरकही स्पष्ट आहे. कॅथलिक माणूस देवासमोर पश्चात्ताप करतो, तर धम्मात उपासक शील स्वतःच्या जाणिवेने ग्रहण करतो. हा फरक झाकायची गरज नाही. एखाद्याचा आदर करायला त्याच्याशी सहमत असावे लागत नाही.

वाचलेले पैसे कुठे जातात?

उपवासकाळाचे पाय तीन आहेत : प्रार्थना, उपवास आणि दान. यातला दुसरा तिसऱ्याला बांधलेला आहे. न खाल्लेल्या मटणाचे पैसे घरात शिल्लक राहिले तर ती नुसती काटकसर झाली. ते भुकेल्यापर्यंत पोहोचले तरच उपवास पूर्ण झाला, अशी शिकवण आहे. त्यासाठी अनेक चर्चमधून घरोघरी पाकिटे किंवा डबे दिले जातात. मुले चॉकलेटचे पैसे त्यात टाकतात. कॅरितास इंडिया ही भारतीय बिशपांची सामाजिक संस्था दरवर्षी याच काळात भुकेविरुद्धच्या मोहिमेसाठी निधी जमवते.

दानाला एक अटही आहे. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये जे शुभवर्तमान वाचतात, त्यात येशू सांगतो की दान, प्रार्थना आणि उपवास लोकांना दाखवण्यासाठी करू नका. लगेच येणाऱ्या शुक्रवारी यशया संदेष्ट्याचा उतारा वाचतात. त्याचा आशय असा : उपाशी राहून मजुरांना राबवत असाल तर तो उपवासच नव्हे. अन्यायाची बंधने सोडवा, दडपलेल्यांना मोकळे करा, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, हाच खरा उपवास.

बाबासाहेबांच्या विचारावर वाढलेल्या वाचकाला या उताऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. कर्मकांड आणि नीती यांतला फरक त्या परंपरेतही इतक्या स्पष्टपणे सांगितलेला आहे.

जातीचे जोखड

मग याच कसोटीवर प्रश्न विचारायला हवा. भारतीय चर्चने जातीचे जोखड मोडले का? नाही. दलित ख्रिस्ती बांधवांनी हे अनेक वर्षे ओरडून सांगितले आहे. दक्षिणेत काही ठिकाणी स्मशानभूमीतही वेगळेपणा पाळला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये जातिभेद असल्याची कबुली दिली. कबुली हे पहिले पाऊल, पण धोरण कागदावरून गावच्या चर्चमध्ये उतरायला हवे. दुसरीकडे, अनुसूचित जातीचा जो दर्जा बौद्धांना १९९० मध्ये मिळाला, तो दलित ख्रिस्ती अजून मागत आहेत. या मागणीविषयी आपल्यात मतभेद असतील, पण चर्चा त्यांना टाळून होऊ शकत नाही.

शेवटचे तीन दिवस

ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी फादर खाली वाकून लोकांचे पाय धुतात, कारण शेवटच्या भोजनावेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. पूर्वी यासाठी पुरुषांनाच निवडत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा नियम बदलून स्त्रियांनाही सामील करून घेतले. त्याच वर्षी त्यांनी रोमजवळच्या छावणीत निर्वासितांचे पाय धुतले. त्यांत मुस्लिम आणि हिंदूही होते.

गुड फ्रायडेला जगात कुठेही मिस्सा होत नाही. चर्चची घंटा वाजत नाही. साधारण दुपारी तीनच्या सुमारास, येशूच्या मृत्यूच्या वेळी, प्रार्थना होते. अनेक घरांत त्या दिवशी पेज किंवा तसेच काही साधे खातात. शनिवारी रात्री मेणबत्त्या पेटतात, आलेलुया परत येतो आणि शोक संपतो.

आपण काय करू शकतो?

जयंतीच्या काळात कॅथलिक मित्राला जेवायला बोलावले आणि त्याने मटणाचे ताट नाकारले, तर तो आपला अपमान समजू नये. त्याच्यासाठी डाळ-भात ठेवावा. २०२८ ची जयंती तर गुड फ्रायडेलाच आहे. जयंती दणक्यात व्हायलाच हवी, त्यात कुठलीही कमतरता नको. पण जिथे मिरवणुकीच्या वाटेवर चर्च आहे, तिथल्या मंडळांनी आधीच फादरांना भेटून प्रार्थनेची वेळ विचारावी आणि तेवढ्या पट्ट्यात डीजे बंद ठेवावा. पोलिसांनी सांगण्यापूर्वी आपण होऊन हे केले, तर त्याचा अर्थ शेजाऱ्यांना नक्की कळेल.

आणि पुढच्या पायरीवर, त्यांच्या तरुणांना आपल्या अभ्यासवर्गात बोलवा. यशयाचा तो उतारा त्यांनाच वाचायला सांगा आणि मग जातीवर बोला. ज्या जोखडाबद्दल त्यात लिहिले आहे, ते मोडायचे काम दोन्ही घरांचे आहे.